वजा सदतीस डॉलर

२० एप्रिल २०२०. अमेरिकन कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा त्या दिवशी बंद झाला तो पिंपाला वजा ३७.६३ डॉलरवर. लॉकडाऊनमुळे तेलाला गिऱ्हाईक नाही, साठवायला टाक्या नाहीत. तेव्हा तेल न्या आणि वर पैसेही घ्या, असा मामला! आपल्याकडचा बाजार संध्याकाळी पाचलाच मिटलेला, भाव कोसळला रात्री. मुंबईच्या मल्टी कमोडिटी एक्स्चेंजनं सौदे मिटवले वजा २,८८४ रुपये भावानं. ज्यांनी तेल घेऊन ठेवलं होतं त्यांना निसटायला वेळच मिळाला नाही. प्रकरण कोर्टात गेलं.

त्या दिवशी काही दलालांच्या संगणकांना शून्याखालची किंमत दाखवताच आली नाही. भाव ऋण होऊ शकतो हे प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मला याचीच गंमत वाटते (नुकसान झालेल्यांनी माफ करावं), कारण ऋण आकडा जन्मला तोच मुळी पैशाच्या भाषेत. ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ मध्ये त्याचे नियम सांगितले तेव्हा त्याचे शब्द होते धन आणि ऋण. म्हणजे सरळ संपत्ती आणि कर्ज.

आता ते लिहायचं कसं? भास्कराचार्य (ज्यांच्या नातवाचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला आहे) ऋण अंकाच्या डोक्यावर टिंब देतात. त्याआधीच्या बख्शाली हस्तलिखितात तर ऋणासाठी चक्क आजच्या अधिकासारखी खूण आहे! चीनमध्ये तिसऱ्या शतकात लिउ हुई सांगतो की लाल काड्या धन, काळ्या ऋण. आपल्या हिशेबनिसांच्या लाल शाईच्या बरोब्बर उलट. आणि युरोपात छापील वजाचं चिन्ह दिसतं ते थेट १४८९ साली, विडमन या जर्मन माणसाच्या व्यापारी गणिताच्या पुस्तकात.

आलेखात तोटा कसा दाखवायचा याचं पहिलं देखणं उत्तर माझ्या मते विल्यम प्लेफेअरचं, १७८६ सालचं. इंग्लंडचा डेन्मार्क-नॉर्वेशी १७०० ते १७८० मधला व्यापार त्यानं दोन रेघांत काढला, एक आयातीची, एक निर्यातीची. मधल्या जागेला रंग दिला आणि व्यापार कुठे इंग्लंडच्या विरुद्ध गेला, कुठे बाजूनं, ते लिहिलं. वजाची खूण कुठेच नाही, तरी तूट लगेच डोळ्यात भरते.

हिशेबनिसांनी मात्र कंस धरला. कारण साधं आहे: आडवी रेघ पुसट छपाईत हरवते, लाल रंग झेरॉक्समध्ये काळा होतो, कंस मात्र दोन्ही बाजूंनी उभा राहतो. एक्सेलमध्ये आजही एका आकड्याचं रूप अर्धविरामांनी तोडून लिहिता येतं, आधी धन, मग ऋण, मग शून्य. पण संगणकावर भारतीय मांडणी लावलेली नसेल, तर लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसाठी आपण जी जुगाडू अटींची युक्ती वापरतो, तिच्यात हे कप्पे खर्च होतात. मग नफा दिसतो २५,००,००० आणि तेवढाच तोटा -२,५००,०००! एकाच ताळेबंदात नफा भारतीय आणि तोटा परदेशी. बैठकीत घाईघाईनं वाचणाऱ्याला तो पंचवीस लाख की अडीच, हे दोनदा बघावं लागतं.

टक्केवारीची तऱ्हा तर त्याहून वाईट. आदल्या सत्राचा १८.२७ डॉलर भाव धरला तर तेल त्या दिवशी ३०६ टक्के पडलं. शंभराहून जास्त टक्के पडणं म्हणजे काय, हे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तोच वायदा १०.०१ डॉलरवर बंद झाला, म्हणजे तब्बल साडेसत्तेचाळीस डॉलरांहून जास्त चढला. नेहमीचं सूत्र लावा, फरकाला आधीच्या भावानं भागा, उत्तर येतं वजा १२७ टक्के. नियमाप्रमाणे सॉफ्टवेअर ते लाल रंगात, कंसात दाखवणार, बाणाचं टोक खाली.