मूळ गाडी कोणती?

१८९८ साली मुंबईच्या रस्त्यांवर चार मोटारी आल्या. त्यांतली एक जमशेटजी टाटांची. या मोटारी वाटेत बंद पडल्या तर न्यायच्या कुठे, हा प्रश्न मालकांना पहिल्याच पावसाळ्यात पडला असणार. सुटा भाग विलायतेहून बोटीने यायचा आणि त्यात महिने जायचे. हाताशी होते ते बग्ग्या बांधणारे सुतार, लोहार, तांबट आणि कापडगिरण्यांतले फिटर. मोटार मुळात समजून घ्यायची ती यांनीच. मद्रासकडे पाहिले तर हीच गोष्ट ठळक दिसते. तिथली सिम्प्सन कंपनी घोडागाड्या बांधणारी. तिच्यातल्या सॅम्युएल जॉन ग्रीन यांनी १९०३ साली वाफेवर चालणारी मोटार स्वतः बांधून रस्त्यावर आणली. हिंदुस्थानात मोटार बांधण्याची आणि दुरुस्त करण्याची विद्या अशी एकाच छपराखाली जन्मली. गुरुग्रामच्या एखाद्या फार्महाऊसमागच्या शेडमध्ये आज कोणी जुनी शेवरोले खोलून बसतो, त्याची वंशावळ शोधायची तर आपल्याला इथून निघावे लागते.

पुढची दोन-तीन दशके संस्थानिकांची. गुरुग्रामहून सोहन्याच्या रस्त्याने खाली उतरत गेले की अलवर लागते. तिथल्या महाराजा जयसिंहांसाठी १९२४ साली लँचेस्टर कंपनीने एक मोटार बांधली, जिचा मागचा अर्धा भाग इंग्लंडच्या राजाच्या शाही रथासारखा होता. याच महाराजांनी चिडून रोल्स-रॉईस गाड्या कचरा वाहायला लावल्याची कथा सांगतात. ती भरतपूरचीही सांगतात, पतियाळा आणि हैदराबादचीही. एकच गोष्ट इतक्या दरबारांत घडली असेल यावर विश्वास ठेवणे मला कठीण जाते. कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची १९३६ची मेबॅक मात्र कथा नव्हे. भगव्या रंगाची ही गाडी शाही दसऱ्याला आजही दर्शन देते. अशा गाड्या टिकल्या, कारण प्रत्येक मोटारखान्यात पगारी मेस्त्री होते आणि खर्चाचा हिशेब विचारणारे कोणी नव्हते.

सामान्य माणसाच्या दारात मोटार आणली ती अमेरिकेने. १९०८ ते १९२७ या काळात फोर्डने मॉडेल टीच्या दीड कोटींवर गाड्या केल्या. त्या बनवतानाच शेतकऱ्याला घरच्या पान्याने खोलता येतील, अशा केलेल्या होत्या. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. मग दुसरे महायुद्ध आले. ते संपल्यावर लष्कराने भंगारात काढलेल्या जीप, ट्रक आणि मोटारसायकली लिलावात निघाल्या. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्यात डॉज व डिसोटोची जुळणी सुरू झाली. महिंद्रांनी १९४७ पासून विलीज जीप जोडायला घेतल्या.

आता आपण या मागोव्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या वळणावर येतो, आणि ते वळण कारखान्यात नव्हे, सरकारी अहवालात आहे. टॅरिफ कमिशनने १९५३ साली शिफारस केली की, ज्यांना देशात उत्पादन करायचे नाही त्यांनी नुसती जुळणी बंद करावी. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. त्यांच्या हजारो गाड्या इथेच राहिल्या. आयात जवळजवळ बंद, मूळ कंपनी गेलेली, सुटा भाग मिळायची आशा नाही. गाड्या अनाथ झाल्या म्हणा ना. अनाथाला जो सांभाळेल तो आपला, या न्यायाने त्या दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या, मोतियाखानच्या, पुण्याच्या नाना पेठेतल्या आणि मुंबईच्या चोर बाजारातल्या दुकानदारांच्या व मेस्त्रींच्या हाती आल्या. भाग नसेल तर दुसऱ्या गाडीचा घासून बसवायचा. तोही नसेल तर लेथवर नवा करायचा. बोअर झिजला की स्लीव्ह घालायची. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी ओतकाम आणि लेथकाम इतके पिकले की, नमुना हातात दिला की तसा भाग काढून देणारा कारागीर गल्लीत सापडे. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले, तशी पेट्रोलवरच्या जीप आणि अॅम्बेसिडर गाड्यांच्या पोटात डिझेल इंजिने बसू लागली.

दिल्लीची फटफटी हा या विद्येचा कळस. हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींना मागे प्रवाशांचा खोका जोडून फाळणीनंतर आलेल्या पंजाबी निर्वासितांनी त्या जुन्या दिल्लीत आणि कॅनॉट प्लेसला वाहतुकीला लावल्या. पुढे मूळ इंजिने संपत गेली आणि पाणी उपसणाऱ्या पंपाची डिझेल इंजिने त्यांच्या जागी आली. चाके, बॉडी, इंजिन असे सगळे बदलत गेले आणि तरी लोकांच्या लेखी ती फटफटीच राहिली. १९९८च्या सुमारास प्रदूषणाच्या कारणाने त्या रस्त्यावरून गेल्या. तिच्यात मूळचे असे काय उरले होते, असे त्या चालवणाऱ्यांपैकी कोणी विचारले नसेल. पण हाच प्रश्न पुढे कायद्याने विचारला.

तो प्रश्न विलायतेतून आला. जुन्या मोटारी जपणाऱ्यांचा व्हेटरन कार क्लब इंग्लंडमध्ये १९३० साली निघाला, व्हिंटेज स्पोर्ट्स कार क्लब १९३४ साली, आणि अशा क्लबांचा आंतरराष्ट्रीय महासंघ फिवा १९६६ साली. दिल्लीत 'द स्टेट्समन' या दैनिकाने १९६४ साली जुन्या गाड्यांची रॅली सुरू केली आणि राजधानीतल्या मालकांना प्रथमच उमगले की, आपल्या आवारात पडलेले लोखंड बक्षीस मिळवून देऊ शकते. हे परदेशी संग्राहकांना त्याआधीच उमगले होते. संस्थाने खालसा झाल्यावर हलाखीत आलेल्या कुटुंबांकडून त्यांनी कितीतरी गाड्या कवडीमोलाने उचलल्या. १९७२ साली सरकारने जुन्या मोटारींच्या निर्यातीवर बंदी घातली तेव्हा बरेच काही निसटून गेले होते. जे वाचले त्यात प्राणलाल भोगीलाल यांच्यासारख्या संग्राहकांचा वाटा मोठा आहे. अहमदाबादजवळच्या त्यांच्या संग्रहात ते आजही पाहता येते.

याच सुमारास गुडगाव, म्हणजे आजचे गुरुग्राम, या कथेत शिरते. रोल्स-रॉईसच्या क्रू येथील कारखान्यात उमेदवारी करून परतलेले संजय गांधी दिल्लीच्या गुलाबी बागेतल्या एका शेडमध्ये स्वस्त देशी मोटार बांधू पाहत होते. १९७१ साली मारुती मोटर्स स्थापन झाली, गुडगावच्या सीमेवर सुमारे ३०० एकर जमीन मिळाली. गाडी काही निघाली नाही. आपल्याकडे इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी 'मीरा' नावाची छोटी मोटार घडवत होते. त्यांची गाडी रस्त्यावर धावली, पण कारखान्यापर्यंत पोचली नाही. सत्ता आणि जमीन एकाकडे, चालणारी गाडी दुसऱ्याकडे, असा हा योग. पुढे मारुती उद्योग निघाला, सुझुकीशी करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८००ची किल्ली हरपाल सिंग यांच्या हाती दिली. गाडीचा क्रमांक डीआयए ६४७९.

या ७९६ सीसीच्या गाडीने घरगुती दुरुस्तीचा जवळजवळ शेवट केला. अॅम्बेसिडरचा मालक निदान कार्ब्युरेटर साफ करायला, प्लग घासायला आणि पॉइंट जुळवायला शिकलेला असे. मारुतीच्या मालकाला ते शिकायची गरजच पडली नाही. आणि माझ्या मते त्याचमुळे छंदाला जागा झाली: रोजच्या प्रवासाची हमी दारात उभी असल्यावरच माणूस शेडमधल्या जुन्या गाडीचे इंजिन दोन वर्षे उघडे ठेवू शकतो. गुडगावात पैसा आला, मोकळ्या जागा होत्या आणि काश्मिरी गेट, मायापुरीसारखे बाजार तासाभरावर. २०११ साली '२१ गन सॅल्यूट' हा जुन्या गाड्यांचा सोहळा सुरू झाला. त्याचे पुढचे अनेक मेळावे गुरुग्रामच्या गोल्फ मैदानावर भरले. २०१३ साली तावडूजवळ तरुण ठकराल यांचे हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम उघडले. शेडमधले काम मात्र जुनेच आहे. युद्धापूर्वीच्या गाडीचा पत्रा लाकडी सांगाड्यावर ठोकलेला असतो आणि वाळवीने तो आतून खाल्लेला असतो, म्हणून डेंटरच्या आधी सुतार लागतो. बेअरिंगमध्ये पांढरा धातू वितळवून ओतायचा, मग तो क्रँकच्या मापाला खरवडायचा. हे हाताने करणारे मेस्त्री आता मोजकेच उरले आहेत.

आणि मग कायदा आला, तोही एकाच वेळी दोन दिशांनी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ आणि २०१५ साली दिल्ली परिसरात १५ वर्षांवरच्या पेट्रोल आणि १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८मध्ये ती कायम केली. गुरुग्राम या टापूत येते. नितीन गडकरींच्या खात्याने १५ जुलै २०२१ रोजी व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले: वय ५० वर्षांहून जास्त, नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, क्रमांकात 'व्हीए' अक्षरे, रोजच्या वापराला बंदी. महिना उलटतो न उलटतो तोच १३ ऑगस्टला वाहने भंगारात काढण्याचे धोरण जाहीर झाले. लवादाची मनाई आणि व्हिंटेजचे नियम एकत्र वाचले की हिशेब विचित्र निघे. गुरुग्रामातली पेट्रोलची गाडी पंधराव्या वर्षी नकोशी होई आणि पन्नाशी ओलांडल्यावर वारसा ठरे. मधली ३५ वर्षे तिने काढायची कुठे? हरपाल सिंगांची मारुती त्यांच्या निधनानंतर घराबाहेर गंजत उभी होती. कंपनीने ती पुन्हा मूळ रूपात आणून आपल्या मुख्यालयात मांडली, म्हणून वाचली. तिच्या भावंडांना नियमाने व्हिंटेज म्हणवून घ्यायला डिसेंबर २०३३ उजाडावे लागेल.

त्या नियमातली दुसरी अट अधिक खोल जाते. गाडी मूळ रूपात हवी; चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. फिवानेही २०१२ साली संमत केलेल्या ट्युरिन सनदेत मूळ वस्तू जपण्यावर भर दिला, पण त्याबरोबरच गाडीच्या वापराच्या काळात झालेले बदल हाही तिच्या इतिहासाचा भाग मानला. आपल्याकडे ही दुसरी बाजू नियमात उतरली नाही. इथली १९४७ची जीप डिझेल इंजिन बसवल्यामुळे रस्त्यावर राहिली. तिच्या मालकाने आता ते काढून मूळ पेट्रोल इंजिन शोधायचे, म्हणजे जिने तिला जगवले तीच दुरुस्ती पुसायची. काही छंदिष्ट तेच करतात, आणि चांगले करतात. मला मात्र त्यातल्या एखाद्या जीपमध्ये ते परके इंजिन राहू द्यावेसे वाटते. ट्रकचा तर विचारच झालेला नाही. नियमातले वर्ग दुचाकी आणि खासगी प्रवासी मोटारींपुरते आहेत, त्यामुळे कुर्ल्यात जोडलेला डॉज ट्रक कोणी घरच्या आवारात शेवटच्या बोल्टपर्यंत मूळ रूपात आणला, तरी 'व्हीए' क्रमांकासाठी अर्ज करण्याची सोय त्याला नाही.