लेडी हेरिंगॅम आणि अजिंठा

जुन्नरच्या परिसरात लेण्यांची वाण नाही. डिंभ्याचे बाजूने घोडनदीचे खोरे मागे टाकून जो प्रवासी जुन्नरास येतो, त्यास लेण्याद्री, तुळजा, मानमोडी आणि शिवनेरी असे चार डोंगर कोरीव गुहांनी भरलेले दिसतात. शिवनेरीवरील एका चैत्यगृहाच्या सपाट छतास एके काळी रंग दिला होता. चौकोनांच्या आत एकात एक वर्तुळे, अशी त्या नक्षीची मांडणी असल्याचे एकोणिसाव्या शतकातील संशोधकांनी लिहून ठेवले आहे. दगड टिकतो, पण रंग उडतो. म्हणून रंग उडण्यापूर्वी कोणी तरी त्याची प्रतिकृती करून ठेवावी लागते. हे कष्टाचे काम अजिंठ्यास ज्यांनी केले, त्यांत एका इंग्रज स्त्रीचे नाव येते. तिची ओळख आमच्या वाचकांस करून द्यावी, असा आमचा हेतू आहे.

अजिंठ्याच्या प्रतिकृतींचा पूर्वेतिहास मोठा दुर्दैवी आहे. १८४४ मध्ये रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याची या कामी नेमणूक झाली. त्याने वर्षानुवर्षे खपून केलेली बहुतेक चित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत भस्म झाली. पुढे १८७२ पासून मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजी प्रभृती विद्यार्थ्यांसह तेच काम पुन्हा हाती घेतले. त्यांच्याही प्रतिकृतींचा मोठा भाग १८८५ मध्ये लंडनलाच जळाला. शिवाय चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर दिलेले व्हार्निश कालांतराने काळवंडले, ते निराळेच.

अशा वेळी क्रिस्टियाना हेरिंगॅम या बाई तेथे आल्या. त्यांचा जन्म १८५२ चा. माहेरचे नाव पॉवेल. पती विल्मट हेरिंगॅम हे लंडनचे नामांकित वैद्य. त्यांस १९१४ मध्ये सर ही पदवी मिळाली, तेव्हापासून या लेडी हेरिंगॅम झाल्या. बाई केवळ हौशी चित्रकर्त्या नव्हत्या. चेन्नीनो चेन्नीनी या जुन्या इटालियन चित्रकाराच्या ग्रंथाचे भाषांतर त्यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केले. आणि अंड्याच्या बलकात रंग कालवून चित्रे काढण्याची मागे पडलेली पद्धत त्यांनी स्वतः हाताळून पुन्हा प्रचारात आणली. १९०३ मध्ये राष्ट्रासाठी कलाकृती विकत घेणारा निधी इंग्लंडात उभा राहिला, त्याच्या आरंभासाठी दोनशे पौंड यांनीच दिले. स्त्रियांस मताधिकार मिळावा या चळवळीतही त्या होत्या. जुन्या चित्रकारांच्या रंगांचे, लेपांचे व कुंचल्याचे मर्म ज्यांस ठाऊक, अशा त्या अजिंठ्याच्या भिंतीपुढे उभ्या राहिल्या, हा योग सामान्य नव्हे.

प्रथम त्या १९०६ मध्ये अजिंठा पाहून गेल्या. पुढे १९०९ ते १९११ या काळातील दोन हिवाळे त्यांनी तेथे काम करण्यात घालविले. वय सत्तावन्नाच्या घरात. रानात तंबूंत मुक्काम. लेण्यांत अंधार, वटवाघळांची घाण व मधमाश्यांचे भय. मदतीस डोरोथी लार्चर ही तरुण इंग्रज चित्रकर्ती, हैदराबादचे सय्यद अहमद व मुहंमद फजलुद्दीन, आणि अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त व वेंकटप्पा. या तरुणांस तेथे धाडावे असा आग्रह भगिनी निवेदितांचा होता.

येथे एक आक्षेप येण्याजोगा आहे. परक्या राज्यकर्त्यांच्या देशातील बाईने येऊन आमच्या चित्रांची नक्कल करावी, यात आम्ही कौतुक ते काय मानावे? आक्षेप रास्त आहे. पण काळ लक्षात घेतला पाहिजे. १९१० च्या जानेवारीत लंडनच्या एका सभेत सर जॉर्ज बर्डवुड यांनी बुद्धमूर्तीस चरबीच्या उकडलेल्या पुडिंगाची उपमा दिली होती. त्यावर संतापलेल्या कलावंतांनी त्याच वर्षी 'इंडिया सोसायटी' स्थापन केली. हेरिंगॅमबाई तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्या मंडळीच्या प्रतिकृती याच संस्थेने १९१५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. बर्डवुडांस याहून चांगले उत्तर कोणते असू शकेल? आणि आमच्या मते त्या कामाचे खरे फळ ग्रंथापेक्षाही मोठे आहे. भिंतीवरील रेषा हाताखालून गेल्यामुळे नंदलालांच्या हातास जे वळण लागले, ते पुढे शांतिनिकेतनात शिष्यांच्या पिढ्यांपर्यंत पोचले. सय्यद अहमद तर पुढे अजिंठ्याचेच रक्षक झाले.

बाईंच्या वाट्यास मात्र या यशाचा आनंद आला नाही. १९११ मध्ये परतल्यावर त्यांचे मन बिघडले. कोणी तरी आपला पाठलाग करीत आहे असे भास त्यांस होऊ लागले, आणि उरलेले आयुष्य मनोरुग्णांच्या शुश्रूषागृहांत गेले. थोरला मुलगा बालपणीच वारला होता. धाकटा १९१४ च्या युद्धात पडला. ग्रंथ निघाला तेव्हा त्या आपल्या घरीही नव्हत्या. १९२९ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

प्रतिकृती म्हणजे मूळ वस्तू नव्हे, हे खरे. परंतु मूळ वस्तू आपल्या सोयीने थांबत नाही. डिंभ्याच्या धरणाखाली जुने आंबेगाव गेले. त्या गावातील कोणत्या ओसरीचा, कोणत्या देवळाच्या कोनाड्याचा आलेख कोणी काढून ठेवला होता, हा प्रश्न आम्ही आमच्या मनास विचारतो, आणि मान खाली घालतो. परदेशची एक प्रौढ स्त्री रानात तंबू ठोकून जे करू शकली, ते घरच्या माणसांस अशक्य नाही. शिवनेरीच्या छतावर जी वर्तुळे उरली असतील, त्यांच्याखाली कागद व रंग घेऊन कोणी तरुण वा तरुणी एक हिवाळा बसली, तर हेरिंगॅमबाईंचे ऋण थोडे तरी फिटेल.