सातपुड्याच्या पायथ्याची तगाई

तापीच्या उत्तरेस, शहादें तालुक्यांत, ब्राह्मणपुरी हें गांव आहे. या भागांतील जमीन काळी व कसदार. पण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हा मुलूख जवळजवळ उजाड पडला होता. याच तालुक्यांतील सुलतानपूर हें पूर्वीं परगण्याचें ठाणें. होळकरी धामधूम व १८०३-०४ चा दुष्काळ यांच्या तडाख्यांत तें जें मोडलें, तें पूर्ववत् उभें राहिलेंच नाहीं.

१८१८ सालीं खानदेश इंग्रजांकडे आला. प्रथम त्यांनीं भिल्लांवर फौजा धाडल्या, डोंगरांतील वाटा अडविल्या. पण रानांत फौजेचें कांहीं चालेना. हिवतापानें शिपाई खंगूं लागले. अखेर १८२५ सालीं गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या कारकीर्दींत धोरण फिरलें. तीन भिल्ल एजन्स्या स्थापन झाल्या. नंदुरबार व सुलतानपूर वायव्य एजन्सीकडे आले. लेफ्टनंट औट्रम यांनीं भिल्लांचीच पलटण उभारली. मागील गुन्हे माफ करून, बैलबियाण्यांसाठीं तगाई देऊन लोकांस शेतीवर बसविण्यांत आलें. हेतु परोपकाराचा नव्हता, हें श्रोत्यांनीं विसरूं नये. सरकारला शांतता हवी होती, आणि साराहि हवा होता. तथापि दुर्गम मुलखाच्या उभारणीसाठीं सरकारी तिजोरी उघडल्याचा हा या प्रांतांतील जुना दाखला होय.

शांतता झाली. पडीक रानें वाहितीखालीं आलीं. बाहेरून मेहनती शेतकरी आले आणि त्यांच्या मागोमाग सावकारहि आला. तगाई संपली कीं भिल्लाला बियाणें सावकाराकडूनच घ्यावें लागे. पीक खळ्यावरून परस्पर जाई, आणि पुढें जमीनहि जाई. १९०१ सालीं मुंबई सरकारनें महसुली कायदा दुरुस्त करून, परवानगीवांचून विकतां न येणाऱ्या अटीवर जमिनी देण्याची सोय केली. फार उशिरां सुचलेलें शहाणपण!

याच सुमारास सुरतेहून तापी खोऱ्याची रेल्वे झाली; पण ती नदीच्या दक्षिणेनें, नंदुरबार व दोंडाइचें यांवरून गेली. आगगाडी गांठायची तर शहाद्याकडील मालाला तापी उतरण्यावांचून गत्यंतर नव्हतें. पावसाळ्यांत नदी दुथडी भरली कीं उत्तरतीर एखाद्या बेटासारखें तुटून पडे.

स्वातंत्र्यानंतर सोसायट्या, विजेचे पंप, ऊस, पुरुषोत्तमनगरचा सातपुडा सहकारी साखर कारखाना, अशी भरभराट झाली. तालुका श्रीमंत झाला, असें म्हणतां येईल; पण तालुक्यांतील कोण श्रीमंत झाला? १९७१-७२ च्या सुमारास अंबरसिंग सुरतवंती व श्रमिक संघटना यांच्यामागें शहादें-तळोदें भागांतील आदिवासी आपल्या गेलेल्या जमिनी मागण्यास उभे राहिले. त्या चळवळीनंतर थोड्याच वर्षांत, १९७४ सालीं, आदिवासींच्या जमिनी त्यांस परत देण्याचा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळानें केला. पुढें आदिवासी उपयोजना आली, रोजगार हमीचा कायदा आला, आणि १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून वेगळा नंदुरबार जिल्हा झाला. तिजोरी पूर्वींपेक्षां पुष्कळच सढळ झाली.

तरी आजहि पावसाळा सरला कीं सातपुड्यांतील पाड्यांवरून ऊसतोडीसाठीं माणसें, मुलाबाळांसह, गुजराथेकडे निघतात. जाण्यापूर्वीं मुकादम त्यांच्या हातावर कांहीं रक्कम ठेवतो. तिला तगाई म्हणत नाहींत. तिला उचल म्हणतात, आणि ती अंगमेहनतीनें फेडावी लागते.