क्रॉनिक ल्युकेमिया: व्यायाम, आहार आणि रोजच्या सवयी

(होसकोटे व बेंगळुरू ग्रामीण जिल्ह्यातील मराठी भाषक रुग्ण आणि कुटुंबीयांसाठी)

क्रॉनिक ल्युकेमिया म्हणजे हळूहळू वाढणारा रक्ताचा कर्करोग. त्याचे सीएमएल आणि सीएलएल हे दोन मुख्य प्रकार आहेत. सीएमएलमध्ये इमॅटिनिबसारखी गोळी बहुधा रोज घ्यावी लागते. सीएलएलच्या काही रुग्णांना सुरुवातीला फक्त नियमित तपासणी पुरते. व्यायामाने हा आजार बरा होत नाही. मात्र थकवा कमी होतो, झोप सुधारते आणि अंगात ताकद राहते.

व्यायाम कसा सुरू करावा?

• आधी डॉक्टरांना विचारा. हिमोग्लोबिन व प्लेटलेट्स किती आहेत आणि प्लीहा वाढली आहे का, हे जाणून घ्या.
• सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ १०-१० मिनिटे चाला. जमेल तसे वाढवत आठवड्यातून ५ दिवस, रोज ३० मिनिटांपर्यंत न्या. चालताना बोलता आले पाहिजे, इतकाच वेग ठेवा.
• कोलार महामार्गाच्या कडेने चालू नका. धूळ आणि वाहने फार असतात. वस्तीतला शांत रस्ता किंवा घराची गच्ची चालेल.
• प्लीहा वाढली असेल तर जड ओझे, कबड्डी आणि पोटावर दाब आणणारी आसने टाळा.
• प्लेटलेट्स कमी असतील तर पडण्याचा किंवा मार लागण्याचा धोका असलेले खेळ टाळा.
• ताप, चक्कर, छातीत दुखणे किंवा धाप असेल तर व्यायाम थांबवा आणि डॉक्टरांशी बोला.

काय खावे, काय टाळावे?

नाचणीची भाकरी किंवा मुद्दे, डाळ, अंडी, शिजवलेल्या भाज्या, ताक हे सर्व चालते. होसकोटेची दम बिर्याणीही वर्ज्य नाही. गरम आणि नीट शिजलेली असावी. पांढऱ्या पेशी कमी असताना तिच्याबरोबरचा कच्चा कांदा आणि कोशिंबीर मात्र सोडा.

आपल्याच जिल्ह्यातील देवनहळ्ळीचे पपनस, म्हणजे चकोता, प्रसिद्ध आहे. पपनस आणि ग्रेपफ्रूट यांमुळे इमॅटिनिब, इब्रुटिनिब यांसारख्या औषधांचे रक्तातील प्रमाण बदलू शकते. म्हणून ही फळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नका. गुळवेलीचा काढा, चूर्णे आणि 'प्रतिकारशक्तीच्या' गोळ्यांनाही हाच नियम लावा. तंबाखू आणि दारू बंद करा.

संसर्गापासून जपा

• जेवणापूर्वी व बाहेरून आल्यावर साबणाने हात धुवा.
• लसीबाबत डॉक्टरांना विचारा. जिवंत विषाणूंच्या लसी सीएलएलच्या रुग्णांनी घ्यायच्या नसतात.
• ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तापाची गोळी घेऊन वाट पाहू नका.

बरे वाटते म्हणून गोळी सोडू नका

सीएमएलमध्ये औषध सुरू झाल्यावर पुष्कळांना अगदी ठणठणीत वाटू लागते. हा औषधाचाच परिणाम असतो. गोळी चुकत राहिली तर आजार उलटू शकतो. इमॅटिनिब जेवणासोबत, मोठा पेला भरून पाण्याबरोबर, ठरलेल्या वेळी घ्या. गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधीच पुढची सोय करा. डॉक्टर सांगतील तेव्हा बीसीआर-एबीएल तपासणी करा.

योजनेचा लाभ

आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल शिधापत्रिकाधारक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल कुटुंबांना ठरलेल्या खर्चाच्या ३० टक्के, वर्षाला कमाल १.५ लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. तातडीचा प्रसंग वगळता विशेष उपचारांसाठी आधी सरकारी रुग्णालयाचे शिफारसपत्र लागते. आधार व शिधापत्रिका घेऊन होसकोटेच्या तालुका सरकारी रुग्णालयात चौकशी करा. बेंगळुरूच्या होसूर रस्त्यावरील किडवई संस्था ही राज्य सरकारची कर्करोग संस्था आहे. आपली रोजची गोळी आणि तपासण्या योजनेत बसतात का, हे रुग्णालयातील आरोग्य मित्राला आधीच विचारा.

मदतीसाठी: आयुष्मान भारत १४५५५, रुग्णवाहिका १०८.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. औषध किंवा व्यायामात बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.