३७७ ओहमची गोष्ट

विद्युत-मंडल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बॅटरी, तारा आणि दिवा येतो. मोकळ्या अवकाशातून जाणाऱ्या रडारच्या लहरींशी त्याचा काय संबंध? तिथे तर तारच नाही. तरीही या लहरी शोषणारे पडदे आखताना शास्त्रज्ञ आधी कागदावर मंडलच काढतात. ही रीत आली कुठून?

तिचा उगम तारायंत्राच्या समुद्राखालील केबलमध्ये आहे. लांब केबलमधून संदेश फिसकटत जात. विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५४-५५ मध्ये अशी केबल म्हणजे रोध आणि धारित्रे यांची साखळी आहे असे मानून गणित मांडले. तारायंत्राच्या कचेरीत नोकरी केलेल्या ऑलिव्हर हेविसाइड यांनी पुढे त्यात प्रवर्तन आणि गळती यांची भर घातली. १८८६ मध्ये त्यांनी ‘इंपीडन्स’ म्हणजे संरोध हा शब्द वापरात आणला. प्रत्येक केबलला स्वतःचा ठरावीक संरोध असतो. टोकाला तेवढाच रोध जोडला तर संदेश तिथे पूर्ण शोषला जातो. कमी-जास्त असेल तर त्याचा काही भाग मागे फिरतो.

१९३८ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील सर्गेई शेल्कुनॉफ यांनी हीच कल्पना अवकाशातील लहरींना लावली. लहरीतील विद्युतक्षेत्र म्हणजे जणू दाब, चुंबकीय क्षेत्र म्हणजे जणू प्रवाह. त्यांचे गुणोत्तर म्हणजे संरोध. मोकळ्या अवकाशासाठी तो सुमारे ३७७ ओहम येतो.

मग दुसरे महायुद्ध आले, आणि रडारपासून लपण्याची निकड भासू लागली. धातूचा संरोध जवळजवळ शून्य, म्हणून लहर परत फिरते. ३७७ ओहमचा कार्बनयुक्त पापुद्रा थेट धातूवर चिकटवला तर? समांतर जोडणीचा नियम आठवा: ३७७ ला शून्य समांतर, उत्तर शून्यच! अमेरिकेतील विनफील्ड सॅलिसबरी यांच्या रचनेत पापुद्रा धातूपासून पाव तरंगलांबी पुढे असतो. तिथे धातूचा संरोध अनंत भासतो, कारण त्या जागी विद्युतक्षेत्र कमाल आणि चुंबकीय क्षेत्र शून्य असते. ३७७ ला अनंत समांतर, उत्तर ३७७! लहरीला पुढे मोकळे अवकाशच आहे असे ‘वाटते’, आणि तिची ऊर्जा पापुद्र्यात उष्णता होऊन जिरते. ३ सेंटिमीटरच्या लहरीसाठी हे अंतर साडेसात मिलिमीटर. या रचनेचे पेटंट १९५२ मध्ये मिळाले.

उणीव एकच: पाव तरंगलांबीचे अंतर एकाच लहरीला नेमके जुळते. म्हणून जर्मनीत याउमान यांनी अनेक पापुद्रे एकामागे एक ठेवले. पुढे पापुद्र्यावर वेगवेगळ्या आकृत्या छापून त्यांच्याकडून धारित्राचे आणि प्रवर्तकाचे काम करून घेतले गेले.

मग हवे तितके पातळ आवरण सर्व लहरी गिळेल का? नाही. २००० साली रशियाच्या कॉन्स्टँटिन रोझानोव यांनी मर्यादा दाखवली. धातूवर बसवलेले, चुंबकीय नसलेले आवरण नव्वद टक्के ऊर्जा शोषणार असेल, तर त्याच्या टप्प्यातील सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड तरंगलांबीतील फरक जाडीच्या सुमारे १७ पटींहून अधिक असू शकत नाही. म्हणजे एक सेंटिमीटर जाडीला फार तर १७ सेंटिमीटर. पातळ रंग फासून विमान कोणत्याही रडारला अदृश्य करण्याचे दावे या कसोटीवर टिकत नाहीत.

समांतर रोधांचे गणित फळ्यावर सोडवताना ‘याचा उपयोग काय?’ असे कोणी विचारले, तर ही गोष्ट जरूर सांगावी. तिच्यातील मुख्य पायरी आठवी-नववीच्या मुलांना तोंडी करता येते.