व्हर्सायची लांकडी जमीन

राजवाडा म्हटला कीं संगमरवरी फरशी डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु ज्या वाड्याची नक्कल करण्यांत युरोपांतील राजेरजवाडे धन्यता मानीत, त्या फ्रान्समधील व्हर्सायच्या वाड्यांत चौदाव्या लुई राजानें १६८४ सालीं दालनांतील संगमरवर काढून त्या जागीं ओक वृक्षाचें लांकूड बसविलें, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. ती राजाची लहर नव्हती, आणि काटकसर तर नव्हतीच. कारण निराळें होतें, आणि तें कोणत्याहि गृहिणीस चटकन् पटेल. संगमरवरी जमीन स्वच्छ राखावयाची म्हणजे ती वारंवार धुवावी लागे. धुण्याचें पाणी सांध्यांतून खालीं झिरपे, आणि वरचा भार वाहणाऱ्या लांकडी तुळया कुजूं लागत. वर लखलखाट आणि खालीं ओल! तेव्हां पाण्याचा थेंबहि न सांडतां, नुसती झाडून व मेण घासून चकचकीत राहील अशी जमीन हवी होती.

अशा जमिनीस फ्रेंच भाषेंत 'पार्के' म्हणतात. मूळ अर्थ कुंपण घातलेलें लहानसें आवार. न्यायालयांतील कठड्याआडची जागाहि तीच. म्हणून फ्रान्समध्यें सरकारी वकिलांच्या कचेरीला अजूनहि पार्के हेंच नांव आहे. जमीन आणि वकील यांचें नातें आपल्याकडे निराळ्या कारणानें जुळतें, हा भाग वेगळा.

लांकूड तोडल्यावरहि स्वस्थ बसत नाहीं. दमट हवेंत तें फुगतें, कोरड्या हवेंत आकसतें. पावसाळ्यांत दार चौकटींत घट्ट बसतें, हा अनुभव मुंबई-कोंकणांतील प्रत्येक घराचा आहे. परंतु हें फुगणें बहुतेक रुंदीच्या अंगानें होतें. लांबीत फरक जवळजवळ पडत नाहीं. व्हर्सायच्या सुतारांनीं हें मर्म ओळखून रुंद फळ्या टाळल्या. सुमारें तीन फुटांची चौरस चौकट करावयाची, तिच्या आंत अरुंद पट्ट्या तिरप्या घालून चटईच्या विणीप्रमाणें एकींत एक गुंतवावयाच्या, एकीचें कुसूं दुसरीच्या खांचेंत बसवून वरून लांकडी खुंटी ठोकावयाची, अशी ती योजना होती. फुगणें-आकसणें अनेक लहान सांध्यांत वांटलें जाई, आणि मोठी भेग कोठेंच पडत नसे. नक्षी डोळ्यांना सुखवी खरी, पण ती गरजेंतून जन्मली होती.

लांकडाच्या निवडींतहि तेंच तत्त्व आहे. ओंडका सरसकट एका दिशेनें फाडला तर फळ्या पुष्कळ निघतात, पण पुढें त्या वांकतात. चार भाग करून गाभ्यापासून सालीकडे फाडला तर माल कमी निघतो, मात्र फळी रुंदीत सुमारें निम्मीच हलते. शिवाय ओकच्या अंगावर रेशमासारखी झांक दिसते ती वेगळीच. महाग पडतें तें ह्यामुळें. आजहि घरांत अशी जमीन करणारानें लांकूड आणून कांहीं दिवस त्याच खोलींत ठेवावें, खालचा गिलावा पुरता सुकूं द्यावा, आणि भिंतीलगत बोटभर फट राखून ती पट्टीखालीं झांकावी. बसविण्याचा आरंभ भिंतीपासून न करतां खोलीच्या मध्यावर सूत धरून करावा. कारण कोणत्याहि घराची भिंत अगदीं सरळ नसते.

राजवाड्यांतून ही जमीन हळूहळू घरांत आली. फ्रान्समध्यें पांच वर्षें राहून परतलेले थॉमस जेफर्सन यांनीं १८०४ सालीं, अमेरिकेचे अध्यक्ष असतांना, मॉण्टिसेलो येथील आपल्या दिवाणखान्यांत चेरीच्या लांकडाचे चौकोन आणि भोंवतीं बीचच्या पट्ट्या अशी जमीन करविली. पुढें एकोणिसाव्या शतकांत पॅरिसच्या नव्या इमारतींत तिरप्या टोकांच्या पट्ट्यांची, बाणांच्या रांगांसारखी दिसणारी जमीन मध्यमवर्गीय बिऱ्हाडांतूनहि दिसूं लागली.

पाण्याचा त्रास गेला, पण कष्ट गेले नाहींत. ते दुसऱ्याच्या गुडघ्यांवर आले. श्रीमंतांच्या घरीं पायाला ब्रश बांधून दालनभर सरकत मेण घासणारे नोकर ठेवावे लागत. त्या कामाचा त्यांचा एक स्वतंत्र धंदाच झाला होता. जमीन जुनी झाली कीं ती खरवडून, रंधून पुन्हां नवी करावयाची. हें काम गुस्ताव कायबोत या चित्रकारानें १८७५ सालीं चितारलें. रिकाम्या खोलींत तीन उघडे मजूर गुडघ्यांवर वांकून फळ्या खरवडीत आहेत, खिडकींतला उजेड त्यांच्या पाठींवर पडला आहे, शेजारीं मद्याची बाटली आहे. पॅरिसच्या सरकारमान्य प्रदर्शनाच्या परीक्षकांनीं तें नाकारलें. शेतकऱ्यांच्या कष्टांचीं चित्रें त्यांस चालत. शहरांतल्या मजुराची घामेजलेली पाठ कांहीं टीकाकारांना ग्राम्य वाटली. ही अरसिकता होती असेंच म्हणावें लागतें. कायबोतनें तें १८७६ सालीं नव्या पंथाच्या चित्रकारांच्या दुसऱ्या प्रदर्शनांत मांडलें, आणि १८९४ सालीं तो वारल्यावर त्याच्या कुटुंबियांनीं तें राष्ट्राला दिलें. आज तें पॅरिसच्या ओर्से संग्रहालयांत आहे. मजुरांभोंवतीं पडलेले लांकडाचे कुरळे छिलके अद्याप ताजे वाटतात.