वनलागवड व आदिवासी ग्रामसमाज : मेळघाट–अकोट परिसर

एखाद्या वनप्रदेशात व्यापारी मूल्याच्या एकाच वृक्षजातीला प्राधान्य देऊन सलग लागवड केली जाते, तेव्हा तेथील मूळ रहिवाशांच्या जमीनधारणेत, आहारात, श्रमव्यवहारात व ग्रामव्यवस्थेत जे बदल घडून येतात, त्यांचे विवेचन या नोंदीत केले आहे. आग्नेय आशियात असे बदल मुख्यत्वे रबर व ऑइल पाम यांच्या मळ्यांमुळे घडले. महाराष्ट्रात त्यांचे निकटचे उदाहरण सागवानाचे असून अकोट तालुक्याच्या उत्तरेस पसरलेल्या मेळघाटात ते दीड शतकाच्या कालावधीत पाहता येते.

अकोट हे अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण वऱ्हाडच्या पयानघाटात, म्हणजे पूर्णेच्या काळ्या कपाशीच्या खोऱ्यात वसले आहे. त्याच्या उत्तरेस गाविलगडच्या टेकड्या एकदम उंचावतात. नरनाळा किल्ला या दोन प्रदेशांच्या सीमेवरच उभा आहे. वरच्या डोंगराळ भागात प्रामुख्याने कोरकू जमातीची वस्ती असून गोंड, निहाल, गवळी इत्यादी समाजही तेथे राहतात. कोरकू भाषा ऑस्ट्रो-आशियाई कुलाच्या मुंडा शाखेतील असून त्या शाखेची ती सर्वांत पश्चिमेकडील भाषा होय. रुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर घरांच्या सरळ रांगा, ही कोरकू गावाची ठळक ओळख. गावाचा कारभार पटेल पाही, पूजाअर्चा भुमकाकडे असे आणि आजारपण व बाधा यांचा उलगडा पडियार करी. जंगलाचा एखादा तुकडा तोडून, जाळून त्या राखेत कोदो, कुटकी, सावा यांसारखी धान्ये पेरावयाची व काही वर्षांनी तो तुकडा मोकळा सोडावयाचा, अशी त्यांची फिरत्या शेतीची पद्धत होती. तिला ‘दहिया’ म्हणत. या व्यवस्थेत जमीन कोणा एकाच्या नावावर नसे, पण कोणता डोंगर कोणत्या गावाचा याविषयी संदिग्धताही नसे.

इ. स. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले, त्याच सुमारास लोहमार्ग वऱ्हाडात पोहोचला आणि पयानघाटातील कुरणे व पडीत जमिनी झपाट्याने नांगराखाली आल्या. खालच्या मुलखातील ही कपाशीची भरभराट व वरच्या मुलखातील वनबंदी या दोन घटना सहसा वेगवेगळ्या सांगितल्या जातात. वस्तुतः त्या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होत. लोहमार्गाला, सरकी काढण्याच्या कारखान्यांना, नव्या बाजारपेठांतील इमारतींना लाकूड हवे होते आणि ते डोंगरात होते. मेळघाटातील बैरागड व गुगामल ही वने १८६६ मध्ये राखीव करण्यात आली. वऱ्हाडच्या १८८६ च्या वनकायद्याने वनांचे तीन वर्ग पाडले : पहिला इमारती लाकूड व जळण यांसाठी, दुसरा गवताच्या रमण्यांसाठी आणि तिसरा चराईसाठी. दहिया शेती आता गुन्ह्यात जमा झाली. मात्र वनखात्याला तोड, वाहतूक, आगीपासून संरक्षण यांकरिता मजूर लागत असल्यामुळे राखीव वनांत ‘वनग्रामे’ वसविण्यात किंवा राहू देण्यात आली. वनग्रामातील कुटुंबाला थोडी जमीन कसावयास मिळे. त्या मोबदल्यात खात्याच्या कामावर हजर राहण्याचे बंधन असे. जमिनीवर मालकी नव्हती, केवळ परवानगी होती. कालपर्यंत जो डोंगराचा धनी होता, तो आज सरकारी जंगलातील परवानाधारक मजूर झाला. पुढील सर्व बदलांचे मूळ या स्थित्यंतरात आहे.

साग हा मेळघाटातील मूळचाच वृक्ष असल्यामुळे परकीय वृक्ष आणून जंगल उखडल्याचे चित्र येथे लागू पडत नाही. बदल अधिक संथ होता. आखून दिलेल्या कूपांत क्रमाने तोड करावयाची, सागाच्या खुंटांना फुटलेले धुमारे जपावयाचे, उघड्या जागी सागाचीच रोपे लावावयाची व भोवतालच्या ‘निरुपयोगी’ जाती काढून टाकावयाच्या, अशा कामातून मिश्र वनातील सागाचे प्रमाण वाढत गेले. निरुपयोगी हा शब्द लाकडाच्या हिशेबातला आहे. चारोळी, आवळा, बेल, तेंदू, निरनिराळे कंद व रानभाज्या यांना लाकूडबाजारात स्थान नव्हते. कोरकूंच्या घरात मात्र त्यांच्यावाचून वर्ष निघत नव्हते. मार्च–एप्रिलमध्ये गळणारी मोहाची फुले वाळवून साठविली जात आणि जुने धान्य संपून नवे येईपर्यंतच्या पावसाळी महिन्यांत ती उपयोगी पडत. सागाची पाने गुरे खात नाहीत आणि दाट सागाखाली गवतही बेताचेच उगवते; त्यामुळे चराईवरही परिणाम झाला. फिरती शेती बंद, स्थिर शेती हलक्या जमिनीत आणि वन्य अन्नाचा पुरवठा कमी, अशा तिहेरी कोंडीत हा समाज सापडला. मेळघाटातील बालमृत्यूंचा प्रश्न १९९३ मध्ये राज्यभर गाजला, तेव्हा चर्चा मुख्यतः दवाखाने व रस्ते यांच्या अभावाची झाली. तो अभाव खराच होता. पण आहाराचा हा जुना ऱ्हास त्या चर्चेत क्वचितच आला.

रोख पैशाचा प्रवेशही याच वाटेने झाला. कूपाची तोड, लाकडाची ओढ, रोपांची निंदणी यांवर मजुरी मिळे. ती संपली की कुटुंबे कापूस वेचणीसाठी व हरभरा-गव्हाच्या सोंगणीसाठी अकोट, अचलपूर या भागांत उतरत. उचल घेऊन कामावर जाणे व कामातून ती फेडणे हा क्रम रूढ झाला आणि त्याबरोबर सावकारीही डोंगरात शिरली. मजुरांची पिळवणूक थांबावी म्हणून बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने १९४७ पासून मुंबई प्रांतात जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होते. ही पद्धत तेथे पुढे आली. तिने ठेकेदार हटला, परंतु कोणते झाड राखावे व कोणते तोडावे हा निर्णय मजुरांकडे आला नाही.

फेब्रुवारी १९७४ या एकाच महिन्यात महाराष्ट्रात दोन घटना घडल्या. उत्पादक वनीकरणासाठी राज्याचे वनविकास महामंडळ स्थापन झाले आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. एकाचे लक्ष्य साग व दुसऱ्याचे वाघ. जंगलात राहणाऱ्या माणसाला दोहोंच्या आराखड्यात दुय्यम स्थान होते. राष्ट्रीय वननीतीने १९८८ मध्ये स्थानिकांच्या गरजांना महसुलापेक्षा वरचे स्थान दिले, परंतु तोवर मेळघाटात संरक्षित क्षेत्राचे नियम कडक झाले होते. मेळघाट अभयारण्य १९८५ मध्ये, गुगामल राष्ट्रीय उद्यान १९८७ मध्ये आणि अकोटलगतची नरनाळा व वान ही अभयारण्ये १९९७ मध्ये अस्तित्वात आली.

यानंतरचा टप्पा पुनर्वसनाचा. एकविसाव्या शतकाच्या आरंभी कुंड, बोरी व कोहा ही गावे डोंगरातून उठवून अकोट तालुक्यात वसविण्यात आली. त्यानंतर गुल्लरघाट, केलपाणी, धारगड, सोमठाणा इत्यादी गावांची पाळी आली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २००८ मध्ये प्रतिकुटुंब १० लाख रुपयांची तरतूद ठरविली व २०२१ मध्ये ती १५ लाखांवर नेली. शाळा, वीज, बाजार व दवाखाना जवळ आले, हा लाभ नाकारता येत नाही. परंतु हाती आलेली रक्कम जमिनीच्या बाजारात फार काळ पुरत नाही आणि वन्य अन्न, जळण व चराई यांची भरपाई रकमेत धरलेली नसते. आणखी एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. चिखलदरा व धारणी हे तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतात. अकोट तालुका मोडत नाही. त्यामुळे चिखलदऱ्यातून खाली आलेल्या गावाला १९९६ च्या पंचायत विस्तार कायद्याने ग्रामसभेला दिलेले विशेष अधिकार नव्या जागी उरत नाहीत. सिडोली या विधीने मृतांच्या नावे उभारलेल्या कोरीव लाकडी फळ्या जुन्या गावठाणातच राहतात, हे दुःख तर कोणत्याही मोजमापात बसत नाही. पुनर्वसित गावांतील काही कुटुंबे जमिनीची व सोयींची मागणी करीत पुन्हा डोंगरात परतली आणि जानेवारी २०१९ मध्ये वन व पोलीस कर्मचारी आणि ग्रामस्थ यांच्यात संघर्ष होऊन दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले.

ऑइल पामच्या प्रदेशाशी तुलना केल्यास साम्य व भेद दोन्ही स्पष्ट होतात. या ताडाचे घड काढल्यावर साधारणतः एका दिवसाच्या आत गिरणीत पोहोचवावे लागतात. म्हणून लहान शेतकरीही जवळच्या एकाच गिरणीशी बांधला जातो. इंडोनेशियात १९७९ च्या ग्रामप्रशासन कायद्याने परंपरागत ‘अदत’ ग्रामव्यवस्थेऐवजी देशभर एकसारखी ग्रामरचना आणली आणि सामूहिक जमिनीविषयी बोलणारी गावची संस्थाच दुबळी झाली. मळ्यांचा विस्तार त्यामुळे सोपा गेला. मेळघाटात मालकी कंपनीकडे न जाता राज्याकडे गेली, जंगलही पूर्णपणे नाहीसे झाले नाही. म्हणूनच येथे हक्क परत मागण्याजोगे काही शिल्लक राहिले. भारताने २०२१ मध्ये ऑइल पाम लागवडीसाठी राष्ट्रीय अभियान सुरू केले असून त्यात ईशान्येकडील राज्यांवर विशेष भर आहे. तेथेही फिरती शेती व सामूहिक जमीनधारणा प्रचलित असल्याने मेळघाटाचा अनुभव तेथील अभ्यासकांना उपयोगी पडण्यासारखा आहे.

वनहक्क कायदा (२००६) अंमलात आल्यावर सामूहिक वनहक्काचे दावे मान्य होऊ लागले. अचलपूर तालुक्यातील पायविहीर गावास २०१२ मध्ये असा हक्क मिळाला. उजाड झालेल्या त्या वनजमिनीचे ग्रामसभेने संरक्षण केले, तेथे मिश्र जातींची झाडे वाढविली आणि सीताफळाची विक्री स्वतःच्या हाती घेतली. कोणती झाडे ठेवावयाची हे त्या जंगलात ग्रामसभा ठरविते.